टाक काढायला बसलो: घोडा आला, मागची म्हाळसा येईना

कच्ची_रेघ

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापुरातला. चित्रकार नव्हे. शाळेत लोअर आणि हायर ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढीच पुंजी. पुढं फर्निचरच्या धंद्यात पडलो आणि पेन्सिल कानावर गेली ती गेलीच. सध्या गुडघ्याच्या दुखण्यानं घरी बसून आहे, म्हणून परत वही उघडली.

आमच्या देवघरात पाच टाक आहेत, म्हणजे देवाचं चित्र उठवलेले छोटे पत्रे. त्यातला एक चांदीचा, घोडेस्वाराचा. घरात सगळे त्याला ‘खंडोबा-म्हाळसा’ म्हणतात, कुलदैवत मंगसुळीचं. उंची ६ सें.मी., रुंदी साडेचार, वर कमान, कडेनं मण्यांची किनार. पाठीला तांब्याचा पत्रा, आत लाख. दोन-तीन पिढ्यांनी दर सणाला चिंच आणि राख लावून घासलाय, त्यामुळे स्वाराचं तोंड गुळगुळीत झालंय. नाक कुठलं, मिशी कुठली, काही कळत नाही.

घोडा अर्ध्या तासात आला. स्वारही आला. त्याच्या पाठीमागं एक गोल उंचवटा आहे, ती म्हाळसा. ती काही केल्या येईना. खांदा काढला तर तो स्वाराच्या कमरेजवळ जातो. डोकं काढावं तर जागा नाही. पाय शोधले, पाय नाहीत. चार वेळा खोडलं, पाचव्या वेळी कागद फाटला. चाळीस वर्षं रोज सकाळी हात जोडताना मला तिथं बाई दिसत आली आहे, आणि हातात पेन्सिल घेतल्यावर ती दिसेना!

तर विचारायचं असं, की इतका झिजलेला उठाव, म्हणजे पत्र्यावर उठून आलेलं चित्र, वाचायचा कसा?

निप्पाणीकर_पाहुणा

फोटो टाका की वो. फोटो बघितल्याशिवाय काय सांगणार?

कच्ची_रेघ

थोरली काकू फोटो काढू देत नाही. “देव नेटवर नको” म्हणते. चित्र काढायला हरकत नाही म्हणाली, कारण माझं चित्र बघून कोण ओळखणार आहे!

रेषा_टिळकवाडी

काकूंना माझा नमस्कार सांगा. मी निवृत्त कलाशिक्षिका. आधी तीन कामं करा.

पहिलं म्हणजे टाक अजिबात घासू नका. चित्र काढायचं म्हणून लोक आधी वस्तू लख्ख करतात आणि निम्मी माहिती धुऊन टाकतात. चांदीवर हवेतल्या गंधकानं जो काळा थर येतो तो खोलगट भागात टिकतो, उंच भागावरून पुसला जातो. पण त्यानं फसूही नका. काळं दिसतं ते सगळं सावली नसतं. टॉर्च हातात घेऊन टाकाभोवती फिरवा. जे काळं सरकतं ती सावली, जे जागचं हलत नाही तो मळ. दोन्ही एकाच पेन्सिलीनं भरले की घोड्याच्या पोटात खड्डा पडलेला दिसतो. माझ्या विद्यार्थ्यांचे असे कितीतरी घोडे मी पाहिलेत.

दुसरं, उजेड समोरून नको, समोरच्या उजेडात उठाव मरतो. खोलीत अंधार करून एकच दिवा टाकाच्या पातळीला, अगदी तिरपा ठेवा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. प्रत्येक वेळी वेगळं चित्र काढा. एकाच चित्रात तिन्ही उजेड कोंबू नका.

तिसरं, झीज वाचा. घासताना बोट आधी उंच जागी लागतं. म्हणजे जिथं चांदी सर्वांत सपाट आणि चकचकीत झाली आहे ती जागा मुळात सर्वांत उंच होती. स्वाराचा गुडघा, घोड्याचा गाल, मान असं काहीतरी असेल. त्या जागांना आकडे द्या. टाकाची सगळी खोली दोन-तीन मिलिमीटर. खऱ्या घोड्याची दीड-दोन फुटांची जाडी कारागिरानं तेवढ्यात दाबलेली आहे. त्यामुळे किती पुढे हे मोजत बसण्यात अर्थ नाही, कोण कोणाच्या पुढे एवढा क्रम लिहा.

चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांचं नाव बेळगावात आजही कलादालनावर आहे. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. आम्ही त्या परंपरेच्या कडेकडेनं वाढलेली माणसं. आमच्याकडे पहिलं शिकवणं हेच, की आधी बघ आणि मग रेघ मार. तुम्ही चार वेळा खोडलंत ते चुकलं नाही. फक्त खोडण्याआधी कागद बदला. चुकलेलं चित्र पुढं उपयोगी पडतं.

हरिपाठ_खानापूर

सगळं ठीक आहे, पण देवाला टेबलावर टाकून टॉर्च मारायचा हे मनाला पटत नाही. टाक म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, त्याची प्रतिष्ठा केलेली असते. रोज पूजा होते. अभ्यासच करायचा तर बाजारात नवा टाक मिळतो, तो आणा.

कच्ची_रेघ

तुमचं म्हणणं पोचलं. टेबलावर नाही ठेवला. काकूनंच सोय करून दिली. सकाळची पूजा झाल्यावर ताम्हनात तांदूळ घालून त्यावर टाक ठेवते, मी अंघोळ करून पाटावर बसतो, नैवेद्याच्या आधी देव परत जागेवर. आणि हे तांदूळ माझ्या फार कामाला आले. टाक हवा तसा कलता करून ठेवता येतो, जिथं दाबाल तिथं थांबतो. आमच्या दुकानात एवढा चांगला स्टँड नाही.

नवा टाक आणून माझा प्रश्न सुटणार नाही. मला हाच कळायचा आहे.

हरिपाठ_खानापूर

तांदळावर ठेवला असेल तर माझं काही म्हणणं नाही.

कच्ची_रेघ

रेषाताई, क्रम लिहायचं सांगितलंत आणि माझी ट्यूब पेटली. हे तर प्लायचे थर! मी पाच थर मांडले. सगळ्यात वर स्वाराचा गुडघा आणि लगामाचा हात. त्याखाली घोड्याची मान आणि पोट. मग स्वाराची छाती. मग उगारलेला हात आणि तलवार. सगळ्यात खाली घोड्याचे पलीकडचे दोन पाय, ते जमिनीतून जेमतेम वर आलेत.

आता ते गोल टेंगूळ. ते छातीच्या मागच्या थरात आहे, इथवर बरोबर. पण काल संध्याकाळी लाईट गेली होती, तर निरांजनाच्या उजेडात बघितलं. टेंगूळ आणि घोड्याची पाठ यांच्यामध्ये एक बारीक सावली आहे. म्हणजे फट आहे. ते घोड्याला टेकलेलंच नाही!

जी बाई घोड्याला टेकत नाही ती बसली कशावर?

निप्पाणीकर_पाहुणा

देवाची बायको आहे वो, तिला घोडा कशाला टेकायला पाहिजे 😄

मंगसुळी_वारी

मी अथणी भागातला. आमच्या पै-पाहुण्यांत टाकांवरून नेहमी वाद असतात म्हणून थोडं सांगतो.

घोडेस्वार दिसला की लगेच खंडोबा म्हणू नये. आपल्या भागात घोड्यावरचे तिघे देवघरात सापडतात. खंडोबाच्या टाकावर बहुतेक वेळा म्हाळसा जोडीनं घोड्यावर असते, खाली कुत्रा असतो, कधी घोड्याच्या पायाखाली दैत्याचं मुंडकं. जोतिबा एकटाच घोड्यावर. खड्ग, त्रिशूळ, डमरू, पानपात्र या चार वस्तू दोघांच्याही हातात असतात, त्यामुळे हत्यारांवरून निवाडा होत नाही. आणि तिसरा वीर. घरातला कोणी लग्नाआधी गेला किंवा लढाईत पडला तर त्याचा टाक करून देवात बसवतात. तोही घोड्यावर, हातात तलवार नाहीतर भाला, पण हात माणसासारखे दोनच.

तुमच्या स्वाराला हात किती? कुत्रा आहे का?

बाकी मंगसुळीचं म्हणाल तर तिथं आम्ही मराठीवाले खंडोबा म्हणतो, कानडीवाले मल्लय्या, मैलारलिंग म्हणतात. भंडारा एकच. ‘येळकोट’ हाच शब्द बघा, कानडीत ‘एळु कोटी’ म्हणजे सात कोटी. आरोळी सगळ्यांची, वाद गावाबाहेर ठेवायचा.

कच्ची_रेघ

हात दोनच. एक तलवारीचा, एक लगामाचा. चार असते तर खांद्याशी फाटे दिसले असते, ते नाहीत. कुत्र्याच्या जागी खाली एक आडवा उंचवटा आहे खरा, पण तो कुत्रा, गवत की नुसती जमीन, सांगता येत नाही. तिथं मी कागद कोराच सोडलाय.

ऐरण_हातोडी

इतके दिवस वाचूलालो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. आमचं घराणं सोनारकामातलं. मी स्वतः आता दुसऱ्या धंद्यात आहे, पण अज्जांच्या शेजारी बसून बघितलेलं आहे.

तुम्ही सगळे पुढून डोकं फोडताय. टाक पाठीमागून बघा!

टाक ओतीव नसतो. चांदीचा पातळ पत्रा असतो. तो तापवून मऊ करायचा, खोलगट ठशावर ठेवायचा, वर शिशाचा गोळा, आणि हातोडीनं ठोकायचं. शिसं मऊ असतं, ते पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यात दाबतं, पण फाडत नाही. ठोकून पत्रा घट्ट झाला की परत तापवायचा. मग राळेवर बसवून बारीक कलमांनी पुढून डोळे, लगाम, मण्यांची किनार काढायची. शेवटी पोकळीत लाख भरून पाठीला तांब्याचा पत्रा, म्हणजे टाक चेपत नाही.

तर पुढची बाजू तुमच्या काकूंनी, त्यांच्या सासूनं, तिच्या सासूनं घासली. पाठीमागची बाजू लाखेत झाकलेली, तिला कोणी हात लावलेला नाही. पुढं जे उंच होतं ते पाठीला तेवढंच खोल आहे. पत्र्याच्या जाडीइतकी धार बोथट झालेली असेल, पण झीज शून्य.

घरी उघडू नका मात्र. लाख गरम करून सोडवावी लागते, जास्त तापवली तर पत्रा वाकडा होतो. टाक उजळायला देणार असाल तर सोनाराकडेच सांगा की मधे तासभर बघू द्या.

रेषा_टिळकवाडी

वा! तीस वर्षं उठाव शिकवला आणि हे कधी सुचलं नाही.

एक सावधगिरी सांगते. पाठीमागून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसेल. घोडा उजवीकडे तोंड करून असेल तर डावीकडे. तलवारीचा हात लगामाचा वाटेल. कागदावर बाण काढून ‘पाठ’ असं आधी लिहून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर गोंधळ होईल.

कच्ची_रेघ

चंपाषष्ठीच्या आधी टाक उजळायला द्यायचेच होते. काकूला विचारलं. म्हणाली, “पाठीचा फोटो काढलास तरी चालेल. पाठीला तोंड नाही.” काकूचा कायदा हा असा!

उद्या जातो.

कच्ची_रेघ

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण असं बघायला परत मिळणार नाही.

सोनारमामांनी टाक चिमट्यात धरून मंद आचेवर फिरवला. तांब्याचा पत्रा एका कोपऱ्यात आधीच सुटलेला होता, तो अलगद निघाला. आतली लाख काळी, कडेला भुगा झालेली. ती निघाल्यावर राहिला नुसता चांदीचा पत्रा, वहीच्या पुठ्ठ्याइतका. हातावर घेतला तर वजनच लागेना. एवढ्याशा पत्र्याला आम्ही इतकी वर्षं जड देव समजत होतो, लाखेचं वजन होतं ते.

मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि दीड तास दिला. मधे दोन गिऱ्हाइकं आली आणि चित्र बघून गेली. एकानं विचारलं, “काय गा, पाळण्यातलं बाळ काढूलालास?” उलट्या घोड्याचं पोट त्याला पाळणा वाटलं!

सुरुवातीला मलाही काहीच दिसेना. खड्ड्यांचं चित्र काढायचं म्हणजे काय, हेच हाताला कळत नव्हतं. सुतारकामात मी कोरलेलं बघतो, पण कोरलेलं मुद्दाम केलेलं असतं. हे नुसतं मागं राहिलेलं. मग एक गंमत झाली. फोनवर पाठीचा फोटो काढला, उजेड उजवीकडून होता. स्क्रीनवर बघतो तर खड्डे उलटून फुगीर झाले! पोकळी दिसायची बंदच झाली, सरळ उठाव दिसायला लागला. फोन फिरवला की परत खड्डे. चार-पाच वेळा केलं, मामा म्हणाले, “तोंडात दात नसलेल्या म्हातारीला पण हसवशील.” मग फोटो आरशासारखा उलटा करून घेतला आणि टाकाची पुढची बाजू समोर आली, जशी ती ठोकली त्या दिवशी असेल तशी. स्वाराला मिशी आहे. पागोटं आहे, त्याला पीळ आहे. घोड्याच्या गळ्यात घुंगरांची माळ आहे.

आणि ते टेंगूळ. ते नीट गोल आहे. वर्तुळात कडेनं एक पट्टी आणि मधे चार बारीक खळ्या, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असाव्यात तशा. पुढून बघितलं तर चार फुगीर फुल्या. पुढच्या बाजूला घासून त्यांचा मागमूस उरलेला नाही.

चित्र मी काढलंय, पण अजून त्या वर्तुळाला नाव दिलेलं नाही. तुम्ही सांगा.

मंगसुळी_वारी

ढाल.

ऐरण_हातोडी

ढालच. चार फुल्या म्हणजे आत मुठीचे पट्टे ज्या खिळ्यांनी बसवतात त्यांच्यावरच्या टोप्या. पाठीवर अडकवलेली ढाल आहे. म्हणून ती घोड्याला टेकत नाही.

निप्पाणीकर_पाहुणा

म्हणजे चाळीस वर्षं ढालीला नमस्कार! 🙏

मंगसुळी_वारी

दोन हात, एकटा स्वार, पाठीवर ढाल, कुत्रा पक्का नाही. माझ्या मते हा वीराचा टाक.

ऐरण_हातोडी

थांबा, इतकी घाई नको. अज्जांच्या पेटीत घोडेस्वाराचा ठसा एकच होता. गिऱ्हाईक येऊन “खंडोबा पाहिजे” म्हणालं तर त्याच ठशावरून पत्रा उठायचा, “वीर पाहिजे” म्हणालं तरी त्याच. फरक काय करायचा तो कलमानं. कधी म्हाळसा वेगळ्या छोट्या ठशानं मारायचे, कधी गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे ती राहून जायची. ठसा काय म्हणतो आणि घरानं काय बसवलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्रा बघून पहिल्याचं उत्तर मिळेल.

रेषा_टिळकवाडी

हे मला महत्त्वाचं वाटतं. रेघमहाशय, तुमच्या चित्राखाली ‘वीर’ लिहू नका, ‘खंडोबा’ही लिहू नका. ‘ढाल पाठीवर असलेला घोडेस्वार’ लिहा. तेवढंच तुम्ही बघितलं आहे.

आणि पहिली चार खोडलेली चित्रं आहेत ना? त्यांच्यावर तारखा घाला. चौथ्या चित्रात म्हाळसेचा खांदा ओढूनताणून बसवलेला असेल, तो मला बघायचाय. आपल्याला माहीत असलेलं आपण कुठं घुसडतो ते तिथं कळतं.

कच्ची_रेघ

खांदाच काय, तिसऱ्या चित्रात मी तिला नथ पण घातली आहे. सहा सेंटीमीटरच्या टाकात, झिजलेल्या जागेवर, नथ! देवाशप्पथ तेव्हा मला ती दिसली होती.

हरिपाठ_खानापूर

काकूंना सांगितलंत का? मला तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

कच्ची_रेघ

सांगितलं. नवी लाख भरून, पत्रा बसवून टाक घरी आणला तेव्हा चित्र दाखवलं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “म्हाळसा नाही तर इतकी वर्षं तिचा विडा कोण खात होतं?”

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली की तिची सासू हा टाक मांडताना कायम ओळीच्या शेवटी ठेवायची. कुलदैवत मधे पाहिजे, तरी हा शेवटी. नवी सून म्हणून तिनं कधी विचारलं नाही, पुढं तिच्या हातात पूजा आल्यावर तिनंच तो मधे आणला. सासूला विचारायला हवं होतं, म्हणाली, आणि वांगी चिरायला आत गेली. भरताची तयारी.

मंगसुळी_वारी

ओळीच्या शेवटी! आता बोला.

ऐरण_हातोडी

मी काही बोलत नाही. यंदा मांडला कुठं?

कच्ची_रेघ

मधेच. विडेही दोन. काकू म्हणाली, जे चालत आलंय त्यात एकाच्या पेन्सिलीवरून बदल व्हायचा नाही. फक्त या वर्षी ओळीच्या शेवटी तिनं एक जागा मोकळी सोडली, तिथं सुपारी ठेवली आणि भंडारा वाहिला. कशासाठी ते मी विचारलं नाही.

चित्र पण देवघराशेजारी भिंतीला लावायला लावलं. आरतीनंतर उरलेला भंडारा तिनं टाकांवर उधळला तो चित्रावरही पडला, बरोबर ढालीवर. रेषाताई, पेन्सिलीवरची हळद काढायला काही उपाय आहे का? खोडरबर लावला तर रेघ आधी जाते.

रेषा_टिळकवाडी

खोडरबर नको. मऊ कोरड्या ब्रशनं झटका, जेवढी जाईल तेवढी जाईल. उरलेली राहू द्या. आणि आता दुसरा टाक घ्या, पण या वेळी घरच्यांनी सांगितलेलं नाव कागदाच्या मागं लिहा.